तीन दिवस आणि तेवीस ठिकाणं!

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. समजा, कुणी तुम्हांला सांगितलं, "युरोपातल्या एका शहरात आपल्याला तीन रात्री राहायचंय. तिथे काय काय बघायचं, ते तूच ठरव." तर तुम्ही सगळ्यांत आधी काय कराल?

आमच्या सातवीच्या वर्गाला हा प्रश्न खराखुरा सोडवावा लागला. झालं असं, वर्गातल्या एका मुलीचे काका जर्मनीत नोकरीला आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत ती आई-बाबांबरोबर त्यांच्याकडे निघाली होती. जाताना वाटेत नेदरलँड्स देशातल्या ॲमस्टरडॅम शहरात तीन रात्री मुक्काम होता. तिचे बाबा म्हणाले, "विमानाची तिकिटं, व्हिसा आणि राहण्याची सोय मी बघतो. शहरात काय बघायचं ते तू ठरव."

झालं! दुसऱ्या दिवशी पोरगी थेट माझ्या टेबलाशी हजर. "बाई, मला काही सुचतच नाहीये. वर्गाला विचारू?"

एप्रिलचा मध्य होता. परीक्षा संपलेली, निकाल लागायचा होता. अशा दिवसांत वर्ग सांभाळणं किती कठीण, ते तुमच्या बाईंना आणि सरांना विचारा. मी लगेच तिच्या हातात खडू दिला.

फळा भरला

मग काय विचारता! कुणी ग्रंथालयातून पुस्तक आणलं, कुणी घरी संगणकावर माहिती शोधली, कुणी मोठ्या भावाचं डोकं खाल्लं. पवनचक्क्या, ट्यूलिपच्या बागा, राजवाडा, चित्रांची संग्रहालयं, विज्ञानाचं संग्रहालय, कालव्यातली नाव, पुन्हा कालव्यातली नाव (ही दोघांनी वेगवेगळी सांगितली!), चीजचा बाजार, फुटबॉलचं मैदान... फळा भरून गेला. मोजली तर तेवीस ठिकाणं.

मी म्हटलं, "छान. आता गणिताची वही काढा."

सगळे गप्प. पण गणित सोपं होतं. मंगळवारी दुपारी पोचायचं आणि शुक्रवारी सकाळी जर्मनीची आगगाडी पकडायची. बहुतेक संग्रहालयं सकाळी नऊ-दहाला उघडतात आणि पाचच्या सुमारास बंद होतात. म्हणजे मंगळवारी चार तास मिळाले तर मिळाले. बुधवारी आठ, गुरुवारी आठ. एकूण वीस. एका ठिकाणी जाणं, बघणं आणि बाहेर पडणं यांना सरासरी दोन तास धरले, तर तेवीस ठिकाणांना किती? शेहेचाळीस!

वीस तासांच्या पिशवीत शेहेचाळीस तास कोंबायचे कसे? मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पळत पळत बघायचं!" सगळे हसले. पण अशी सहल तुम्हीही केली असेल, नाही का? सकाळी सहाला बसमध्ये, दहा मिनिटं हे, पंधरा मिनिटं ते, आणि घरी आल्यावर आठवतं काय, तर बस लागली होती!

म्हणून आम्ही ठरवलं, गाळायचं.

चाळणी पहिली : वेळ

काही नावं आपोआपच गळली. ट्यूलिपची ती प्रसिद्ध केउकेनहोफ बाग शहराबाहेर आहे आणि वर्षातून साधारण आठच आठवडे उघडी असते, मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. आमची मैत्रीण पोचणार मेच्या तिसऱ्या आठवड्यात. बाग गेली! पवनचक्क्यांचं गावही शहराबाहेर, जायला-यायला अर्धा दिवस. तेही जड मनाने पुसलं.

पण वेळेने काही दिलंसुद्धा. हे शहर आपल्यापेक्षा खूप उत्तरेला आहे. त्यामुळे तिथे मे-जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊ-दहापर्यंत मावळतच नाही. डिसेंबरात मात्र दुपारी साडेचारलाच अंधार. म्हणजे संग्रहालयं पाचला बंद झाली, तरी उन्हाळ्यात पुढचे चार तास उजेडात फिरायला मोकळे. जिथे तिकीट आणि दार नाही अशा गोष्टी आम्ही या चार तासांत टाकल्या. कालव्याकाठी चालणं, पूल बघणं, स्टेशनमागून सुटणाऱ्या फेरीबोटीतून पलीकडच्या तीरावर जाऊन येणं. ही बोट चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना चक्क फुकट नेते!

आणखी एक. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असतं, हिवाळ्यात साडेचार. तिथे संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा आपल्या पोटातल्या घड्याळात साडेदहा होऊन गेलेले असतात. म्हणून पहिल्या दिवशी मोठं काही ठेवायचं नाही, असं ठरलं.

चाळणी दुसरी : नकाशा

मग नकाशा पसरला. ॲमस्टरडॅमचा नकाशा म्हणजे मधोमध कापलेला अर्धा कांदा! कापलेली सपाट बाजू वर, पाण्याकडे. तिथे मध्यभागी १८८९ सालचं मोठं रेल्वे स्टेशन. आणि त्याच्याभोवती कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकाबाहेर एक अर्धगोल कालवे. हे मोठे कालवे सतराव्या शतकात योजून खणले. २०१० पासून त्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत आहे.

शहराच्या नावातच त्याची गोष्ट आहे. ॲमस्टल नदीवर बांधलेला बंधारा, म्हणजे डॅम, म्हणून ॲमस्टरडॅम. जमीन इतकी दलदलीची, की घरं सरळ मातीवर उभी राहीनात. मग लोकांनी लाकडी खांब खोल वाळूच्या थरापर्यंत ठोकले आणि त्यांवर घरं बांधली. डॅम चौकातला राजवाडा अशा १३,६५९ खांबांवर उभा आहे. हा आकडा लक्षात कसा ठेवायचा? तिथली मुलं म्हणतात, वर्षाचे दिवस ३६५ घ्या, पुढे १ लावा, मागे ९ लावा. झाले १३,६५९! आमच्या वर्गाला हे इतकं आवडलं, की आता कुणालाही झोपेतून उठवून विचारा.

विमानतळाची गोष्टही अशीच. शिफोल विमानतळ आहे तिथे पूर्वी एक मोठं सरोवर होतं. १८५२ साली त्यातलं पाणी उपसून संपलं आणि जमीन मोकळी झाली. विमान उतरतं तेव्हा आपण समुद्रसपाटीच्या खाली असतो, बरं का!

नकाशा बघितल्यावर जवळजवळची ठिकाणं एका रंगाने गोल केली. एक रंग म्हणजे एक दिवस. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला दिवसातून तीनदा जायचं नाही, एवढाच नियम.

अशी ठरली योजना

मंगळवार, पिवळा रंग. विमानतळावरून आगगाडीने पाव तासात मधलं स्टेशन. सामान ठेवून डॅम चौक, राजवाडा बाहेरून, आणि कालव्याकाठी चालणं. चालताना मान वर करून घरांच्या माथ्याकडे बघायचं. घरं अरुंद आणि उंच, जिने त्याहून अरुंद. मग कपाट वर चढवायचं कसं? प्रत्येक घराच्या कपाळावर एक तुळई पुढे आलेली असते आणि तिला आकडा असतो. त्यावरून दोर सोडायचा आणि सामान खिडकीतून आत!

बुधवार, निळा रंग. सकाळी राईक्सम्यूझियम हे देशाचं मोठं संग्रहालय. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे तिकीट नाही. तिथे हजारो वस्तू आहेत. आम्ही ठरवलं, फक्त पाच बघायच्या. त्यांतली पहिली म्हणजे रेम्ब्राँ या चित्रकाराचं १६४२ सालचं 'रात्रीचा पहारा' हे चित्र. उंची पावणेचार मीटरहून जास्त, रुंदी साडेचार मीटर. आमच्या वर्गाची अख्खी भिंत! १७१५ साली हे चित्र एका लहान भिंतीवर मावेना, म्हणून लोकांनी त्याच्या कडाच कापून टाकल्या. आपण वहीचं पान फाडलं तर बाई ओरडतात, इथे तर रेम्ब्राँचं चित्र! दुपारी कालव्यातून नाव.

गुरुवार, हिरवा रंग. सकाळी जहाजांचं संग्रहालय. ते का, ते ऐका. सतराव्या शतकात डच व्यापारी जहाजांनी आपल्याकडेही येत होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. तिच्या पडक्या भिंती अजून तिथे उभ्या आहेत. त्या भिंतींची दुसरी बाजू ॲमस्टरडॅमला बघायला मिळणार, म्हणून हे संग्रहालय चाळणीतून पार झालं. आणि दुपारी तीन वाजता ॲन फ्रँकचं घर.

या शेवटच्या नावाभोवती आमच्या मैत्रिणीने दोनदा गोल केला होता.

ती तुमच्याएवढीच होती

ॲनची गोष्ट तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. तिची डायरी मराठीतही आहे. ॲनचा जन्म १२ जून १९२९ चा, जर्मनीतला. घर ज्यू धर्माचं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यूंचा छळ सुरू झाला, म्हणून हे कुटुंब ॲमस्टरडॅमला आलं. पण १९४० साली जर्मन सैन्याने नेदरलँड्सही जिंकलं. १९४२ च्या जूनमध्ये ॲनला तेराव्या वाढदिवसाला एक चौकटीची वही मिळाली. पुढच्याच महिन्यात, ६ जुलैला, सगळं कुटुंब वडिलांच्या कचेरीच्या मागच्या भागात लपलं. दाराला पुस्तकांचं फिरतं कपाट लावलं होतं. आठ माणसं तिथे दोन वर्षांहून जास्त काळ लपून राहिली. दिवसा पाण्याचा नळसुद्धा सोडायची चोरी. तुम्हांला एक तास शांत बसवत नाही, आठवून पाहा.

४ ऑगस्ट १९४४ ला सगळे पकडले गेले. ॲन आणि तिची मोठी बहीण मारगॉट १९४५ च्या सुरुवातीला छळछावणीत वारल्या. आठांपैकी एकटे वडील परत आले. लपलेल्यांना मदत करणाऱ्या मीप खीस यांनी ॲनची वही जपून ठेवली होती, ती त्यांनी वडिलांच्या हाती दिली. १९४७ साली तिचं पुस्तक झालं.

ते घर आज संग्रहालय आहे. खोल्या रिकाम्याच ठेवल्या आहेत, वडिलांची तशी इच्छा होती. भिंतीवर मुलींची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या खुणा मात्र आहेत. लपलेल्या काळात ॲन तेरा सेंटिमीटरहून जास्त वाढली. आमच्या मैत्रिणीला त्याच खुणा बघायच्या होत्या. तिच्याही घरात दाराच्या चौकटीवर अशा खुणा आहेत.

आणि आम्ही चुकलो

योजना तयार झाली. मोठ्या कागदावर तीन रंगांत लिहिली, खाली सगळ्यांनी सह्या केल्या. ती कागद घरी घेऊन गेली आणि बाबांनी तिकिटं काढायला घेतली.

ॲन फ्रँकच्या घराचं तिकीट दारावर मिळत नाही. ते आधीच, त्यांच्या संकेतस्थळावरून घ्यावं लागतं. दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या भेटीची तिकिटं खुली होतात आणि बघता बघता संपतात. आमच्या हातात उरले होते साडेचार आठवडे. गुरुवारचं तर सोडाच, बुधवारचंही एक तिकीट शिल्लक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली. रडली नाही, पण बोललीही नाही. खरं सांगते मुलांनो, मला फार वाईट वाटलं. घड्याळ मी शिकवलं, नकाशा मी शिकवला, चाळणी लावली, आकडेमोड केली. पण "या सगळ्यांत तुला सगळ्यांत जास्त काय हवंय?" हे मी सगळ्यांत शेवटी विचारलं. ते पहिल्या दिवशी विचारलं असतं तर? मुलांनी शोध घेतला असता आणि मार्चमध्ये बोलणं निघालं असतं तर तिकीटही मिळालं असतं. फुलांच्या बागेवर आम्ही एक अख्खा तास वाद घातला होता!

मग वर्ग पुन्हा कामाला लागला. आता गाळायचं नव्हतं, शोधायचं होतं. एका मुलाला सापडलं, की त्या घराजवळच वेस्टरकेर्क नावाचं जुनं चर्च आहे. त्याच्या घंटांचा आवाज ॲनला लपलेल्या जागी ऐकू येई, तिने तसं लिहिलंय. तिथेच बाहेर ॲनचा छोटा पुतळा आहे. दुसरीला सापडलं नावांचं स्मारक. २०२१ साली खुलं झालेलं. युद्धात नेदरलँड्समधून नेऊन मारलेल्या ज्यू, सिंती आणि रोमा लोकांच्या नावाच्या एक लाख दोन हजारांहून जास्त विटा तिथे भिंतींत बसवल्या आहेत. प्रत्येक विटेवर नाव, जन्मतारीख आणि मृत्यूच्या वेळचं वय. तिथे तिकीट लागत नाही. हिरव्या रंगात आम्ही ही दोन नावं लिहिली.

जूनमध्ये

शाळा उघडली तेव्हा ती आठवीत गेली होती. मधल्या सुट्टीत आमच्या वर्गात आली. आधी गमती सांगितल्या. तिथे पावावर लोणी लावून वर चॉकलेटचे दाणे टाकतात आणि हा त्यांचा चक्क नाश्ता! ट्राममध्ये रोख पैसे चालत नाहीत. चढताना कार्ड टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. लालसर रस्ता दिसला की तो सायकलींचा. त्यावर चुकून उभं राहिलं की घंटा वाजवून वाजवून लोक बेजार करतात. या सायकलींमागेही गोष्ट आहे. १९७१ साली त्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत चारशेहून अधिक मुलं गेली. तेव्हा आई-वडील आणि मुलं रस्त्यावर उतरली आणि मुलांसाठी सुरक्षित रस्ते मागितले. आजच्या सायकलवाटांमागे त्या चळवळीचाही हात आहे.

मग मी विचारलं, "आणि गुरुवारी?"

ती म्हणाली, "बाई, घराच्या बाहेर उभी राहिले. रांगेतली माणसं आत जात होती. मला थोडा राग आला. मग चर्चची घंटा वाजली. आम्ही पुढची घंटा वाजेपर्यंत कालव्याकाठी बसून राहिलो. बाबा पण काही बोलले नाहीत."

"आणि विटा?"

"ॲनची वीट सापडली. वय पंधरा लिहिलंय. मग माझ्याएवढ्या मुलांच्या विटा मोजायला लागले. बारा वर्षं, तेरा वर्षं... थोड्या मोजल्या आणि सोडून दिलं. खूपच होत्या."

वर्गात थोडा वेळ कुणी बोललं नाही. शेवटी ती म्हणाली, "मोठी झाल्यावर परत जाणार आहे. सहा आठवडे आधी."

आमच्या फळ्यावरचे पाच नियम

हे आम्ही चुकून शिकलो. तुम्ही न चुकता वापरा.

१. सगळ्यांत आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा : तुला सगळ्यांत जास्त काय बघायचंय? प्रत्येकाचं एकच नाव. त्यांची तिकिटं, वेळा आणि सुट्टीचे वार पहिल्या दिवशीच शोधा.

२. यादीच्या आधी तास मोजा.

३. जवळची ठिकाणं एका दिवसात, एका रंगात.

४. रोज एक तास रिकामा ठेवा. पाऊस, भूक आणि रस्ता चुकणं यांनाही वेळ लागतो.

५. प्रत्येक दिवसासाठी एक राखीव नाव ठेवा. हुकलेल्या गोष्टीच्या शेजारीही काहीतरी असतं.

परदेशी जायचंच असं काही नाही. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस छत्रपती संभाजीनगरला जायचं असेल, तर हीच रीत. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद आणि वेरूळची मंगळवारी! हे आधी बघितलं नाही तर लेण्यांच्या दारातून परत यायची पाळी येते.

पालकांनो, दोन शब्द तुमच्याशी. पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा ही तुमची कामं. हा एक व्हिसा युरोपातल्या २९ देशांत चालतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. पण शहरातला एक तरी दिवस मुलाला आखू द्या. त्याची योजना चुकली तर तीही पाळून बघा. आमच्या मैत्रिणीचे बाबा त्या कालव्याकाठी काही न बोलता बसले, त्याबद्दल मला त्यांचे आभार मानायचे आहेत.

आणि मुलांनो, तुमची योजना तयार झाली की खाली सगळ्यांच्या सह्या घ्यायला विसरू नका. म्हणजे रस्ता चुकला तर भांडायला एकटं कुणी सापडत नाही!